माळ्यावरची वायर : गावच्या घराच्या वायरिंगच्या नोंदी (एप्रिल-मे २०२५)

१२ एप्रिल २०२५, शनिवार

अमरावतीहून सकाळच्या एसटीने गावी आलो. अकोट तालुका, उन्हाचा पारा आताच चढलेला. आई महिनाभर फोनवर सांगत होती, "दुपारी घरघंटी लावली का सैपाकघरात जळक्याचा वास येते रे." मी प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणत राहिलो. ते चुकलं. असा वास आला की त्याच दिवशी लाइन बंद करायला सांगायला हवं होतं.

परवानाधारक वायरमन काकांना बोलावून घेतलं होतं. ते मेनवर हात ठेवून उभे राहिले आणि मी सैपाकघरातल्या बोर्डाचं झाकण उघडलं. आई रोज दुपारी जे करते तेच करायला सांगितलं: घरघंटी चालू, शेजारी इंडक्शन शेगडीवर डाळ, फ्रिज आणि कूलर चालूच. बोर्डात येणाऱ्या वायरीला टॉंग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला. घरघंटी ५.८, शेगडी ८.६, कूलर १.१, फ्रिज ०.९. सगळं मिळून १६.४ अँपिअर.

मग मल्टिमीटरची एक पिन वायरीच्या उघड्या टोकावर आणि दुसरी कनेक्टरच्या पितळी अंगावर धरली. मधे फक्त एक स्क्रू. तिथे शून्य व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिसले १.६ व्होल्ट. म्हणजे त्या एका सैल स्क्रूचा रोध साधारण ०.१ ओहम आणि तिथे तयार होणारी उष्णता १.६ गुणिले १६.४, जवळजवळ २६ वॉट. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. बोर्डाच्या आत, लाकडी पट्टीला टेकून, एक सोल्डरिंग आयर्न रोज दुपारी चालू राहत होतं.

काकांनी मेन लगेच पाडला. वायर बाहेर ओढली तर आवरणाचे तुकडे नखाने पापडासारखे मोडले. आतली तार पांढरी, एकपदरी : अॅल्युमिनियम. मायक्रोमीटरने व्यास १.४० मिमी. म्हणजे १.५ चौरस मिमीची जुनी अॅल्युमिनियम वायर. घरात वीज आली तेव्हा बाबांनी चार बल्ब आणि दोन पंख्यांसाठी टाकून घेतलेली. त्या भाराला ती चोख होती. नंतर घर वाढलं, फ्रिज आला, घरघंटी आली, शेगडी आली. वायर तीच राहिली.

फ्यूजची किटकॅट (फ्यूज तार बसवायचा चिनी मातीचा ठोकळा) काढून पाहिली. फ्यूज तारेच्या जागी तांब्याच्या वायरीचे सात पदर पिळून घातलेले. कुणी घातले ते आता शोधायचं नाही. पण वायर का जळाली याचं अर्धं उत्तर त्या पिळात आहे: भार वाढला तरी तो जाड पिळ वितळून लाइन तोडत नव्हता. सैपाकघराची लाइन काढून टाकली. फ्रिज आणि कूलरला बैठकीतून तात्पुरती सोय.

१३ एप्रिल, रविवार

आज फक्त माळा. घराचा पत्रा उघडा, खाली लाकडी पाटण, आणि मधल्या जागेतून सगळ्या लाइनी जातात. दुपारी अडीचला थर्मामीटर दोरीला बांधून वायरीजवळ लोंबता ठेवला. अंगणात सावलीत ४२. माळ्यावर ५५.

या एका आकड्यावर पुढचं सगळं काम ठरणार आहे, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो.

वायरीच्या बॉक्समध्ये कंपनीचा तक्ता असतो. माझ्यापुढे आहे त्यात पाइपातून नेलेल्या तांब्याच्या वायरीचे आकडे असे (वायरीचं माप चौरस मिमीत): १ ची १२ अँपिअर, दीडची १६, अडीचची २२, ४ ची २९, ६ ची ३७, १० ची ५१. कंपनी बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज हाच. हे आकडे सगळे जण बघतात. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही: भोवतालचं तापमान ४० अंश. साध्या पीव्हीसी आवरणाची तार ७० अंशांपर्यंत तापलेली चालते. म्हणजे २२ अँपिअर हा आकडा सांगतो की ४० अंशांच्या हवेत अडीचची वायर इतका करंट वाहताना ३० अंशांनी तापून ७० वर टेकेल.

माळ्यावर हवाच ५५ ची. तापायला ३० नाही, १५ अंशच शिल्लक. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून करंट निम्मा करावा लागत नाही. १५ भागिले ३० चं वर्गमूळ घ्यायचं, ०.७१. अडीचची वायर माळ्यावर २२ ची नव्हे, साडेपंधरा अँपिअरची आहे. एकाच पाइपात तीन लाइनी कोंबल्या आणि तिन्ही भारावर असल्या, तर त्या एकमेकींना तापवतात. त्यासाठी आणखी ०.७ ने गुणायचं. उरले ११.

वायर तीच. दुकानात २२, माळ्यावर गर्दीत ११.

आता कालच्या वायरीचा हिशेब. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या १.६४ पट, त्यामुळे त्याच जाडीला करंट तांब्याच्या ७८ टक्के. दीडच्या १६ चे झाले साडेबारा, तेही ४० अंशांत. तिच्यातून १६.४ वाहत होते. ३० गुणिले (१६.४ भागिले १२.५) चा वर्ग, म्हणजे जवळपास ५२ अंशांची वाढ. माळ्याचे ५५ मिळवले तर तार १०७ अंशांवर. ७० ची मर्यादा असलेलं आवरण वर्षानुवर्षं उन्हाळ्याच्या दुपारी शंभराच्या वर शिजत होतं. पापड उगाच झाला नाही.

संध्याकाळी बाबांना हे वहीवर दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे घर जळता जळता राहिलं." मी हो म्हटलं.

१९ एप्रिल, शनिवार

नवीन भाराची यादी. दिवे, पंखे, टीव्ही मिळून दोन-तीन अँपिअर, त्याची चिंता नाही. बाकी भार जड: गिझर ३००० वॉटचा, म्हणजे १३ अँपिअर. शेगडी ८.७. घरघंटी ६ धरली. बोअरची मोटर दीड हॉर्सपॉवरची, पाटीवर १० अँपिअर. आणि यंदा बाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी घ्यायचा आहे, पाटीवर ८ च्या आसपास. मागच्या मे महिन्यात त्यांना दोनदा ऊन लागलं, त्यामुळे एसीवर चर्चा नाही.

काकांचं म्हणणं, "भाऊ, पॉवरला अडीच टाकली का झालं काम, सगळे तेच टाकतेत." ते जुन्या पद्धतीचे. अजूनही तीन-बावीस, सात-बावीस, सात-वीस या भाषेत बोलतात : तीन पदरी २२ गेज, सात पदरी २२ गेज. सात-बावीस म्हणजे पावणेतीन चौरस मिमीच्या जवळ, तिच्या जागी आता अडीच आली. सात-वीसच्या जागी ४. त्यांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे आणि त्यांचा जोड माझ्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. पण त्यांची सवय भिंतीतल्या पाइपांची आहे, आमच्या माळ्याची नाही. मी माझी वही पुढे केली. त्यांनी नाकावर चष्मा चढवून ५५ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढं?" मग स्वतः शिडीवर चढून डोकं आत घालून आले.

मी सगळ्यात मोठा भार म्हणून गिझरवर अडकलो होतो. १३ अँपिअर, माळ्यावर अडीच पुरत नाही, ४ टाकू, वेगळा पाइप टाकू, असं चाललं होतं. बाबा खाटेवरून म्हणाले, "अरे, मे महिन्यात गिझर लावते कोण?"

बरोबर. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच इतकं तापतं की सकाळी आठनंतर अंगावर घेववत नाही. गिझर चालतो डिसेंबर-जानेवारीत, पहाटे, माळ्यावर हुडहुडी भरेल अशी थंडी असताना. आणि एसी चालतो नेमका मे महिन्यात दुपारी तीनला, माळा ५५ वर असताना, तोही तासन्तास, न थांबता. मी नुसता मोठा आकडा शोधत होतो. शोधायची होती ती वेळ : जास्त भार आणि जास्त ऊन एकत्र कुठे येतात. माझ्या डोक्यातली यादी तिथे उलटी झाली. गिझर खाली गेला, एसी वर आला.

ठरलं ते असं. ज्या लाइनी भिंतीवरून पाटणाखालून नेता येतात त्या माळ्यावर न्यायच्याच नाहीत. खोलीत तापमान फार तर ४२, तिथे अडीचचे २२ जाऊन २१ राहतात. गिझर अडीचवर, १६ च्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), भिंतीवरून. सैपाकघराचे सॉकेट ४ वर, २० च्या एमसीबीवर, भिंतीवरून. बाबांची खोली मधली, तिला बाहेरची भिंत नाही; एसीची लाइन माळ्यावरूनच जाईल. तिला ४ ची वायर, स्वतंत्र पाइप, दुसरी एकही लाइन सोबत नाही. २९ गुणिले ०.७१, साडेवीस अँपिअर. एमसीबी १६.

एमसीबीबद्दल काकांशी बराच वेळ बोलणं झालं, कारण गावात समज आहे की एमसीबी यंत्राला वाचवतो. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याचा आकडा भारापेक्षा मोठा आणि वायरीच्या खऱ्या क्षमतेपेक्षा लहान हवा. आणि १६ चा एमसीबी १६ वर पडत नाही. १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरला तो तासभर पडायचा नाही, १.४५ पट, म्हणजे २३ ला तासाभरात पडायलाच हवा. माळ्यावर अडीच असती, साडेपंधराची, तर १८ अँपिअर तासभर वाहत राहिले असते आणि एमसीबीला त्याचा पत्ता नसता. काका म्हणाले, "म्हणून वारंवार पडते म्हणून मोठा एमसीबी टाकू नये." अगदी हेच. एमसीबी पडतो म्हणून मोठा टाकणं आणि किटकॅटमध्ये सात पदर पिळणं एकच.

२० एप्रिल, रविवार

बोअरचा प्रश्न निराळा निघाला. घरापासून बोअर ७० मीटर. सध्या अडीचची वायर लिंबाच्या झाडावरून गेलेली. करंट १०, वायर २२ ची, मोकळ्या हवेत. तापण्याच्या दृष्टीने काही अडचण नाही. तरी संध्याकाळी मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही. स्टार्टरमधला कपॅसिटर दोन वर्षांत तीनदा बदलला.

जाऊन-येऊन १४० मीटर तार. अडीचचा रोध किलोमीटरला साडेसात ओहम धरला तर चालत्या मोटरला साडेदहा व्होल्ट वाटेत जातात. चालू होताना मोटर चार-पाच पट करंट घेते. ढोबळ ४५ धरले तर वाटेत ४७ व्होल्ट. संध्याकाळी बोर्डावर १९५ मोजले. मोटरपर्यंत पोचले १४८.

म्हणजे वायर जळत नाही, पण मोटर जळायला आली आहे. इथे करंटचा तक्ता उघडून उपयोगच नाही, अंतराचा हिशेब करावा लागतो.

पर्याय दोन होते: ६ ची तांब्याची आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली) केबल किंवा १० ची अॅल्युमिनियमची. ६ च्या तांब्याचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, १० च्या अॅल्युमिनियमचाही तेवढाच. आणि अॅल्युमिनियम बरीच स्वस्त. बाबा बिचकले, "तेच अॅल्युमिनियम? ज्यानं सैपाकघर जाळलं?" त्यांना समजावलं की सैपाकघरात दोष वायरीच्या मापाचा आणि जोडाचा होता. अॅल्युमिनियमला हवा लागली की वर ऑक्साइडचा पापुद्रा येतो, तो वीज वाहू देत नाही. शिवाय स्क्रूखाली ते हळूहळू दबत जातं आणि पकड सैल होते. घरातल्या पन्नास जोडांना ते नकोच. पण जमिनीतून सलग जाणारी, दोनच टोकं असलेली जाड केबल, टोकांना योग्य थिंबल (तारेवर दाबायची धातूची टोपी) दाबून आणि आतून पेस्ट लावून जोडली, तर चांगली चालते. १० ची तीन कोअर घ्यायची ठरली, तिसरी कोअर अर्थिंगला. चालत्या मोटरला वाटेत साडेचार व्होल्टही जाणार नाहीत. चालू होताना १९. मोटरला मिळतील १७६. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे असतो, म्हणजे आजच्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त.

२६ एप्रिल, शनिवार

खरेदी. एका दुकानात अडीचची ९० मीटरची बंडलं पुढे आली, आयएसआयचा छाप, बॉक्स चकचकीत, भाव इतरांपेक्षा बराच कमी. मी टोक सोलून पदर मोजले: ३६. अडीचला ०.३ मिमीचे ३६ पदर असतात, त्यामुळे मोजणाऱ्याचं समाधान होतं. पण एक पदर मायक्रोमीटरमध्ये धरला तर ०.२६. बोटाला हा फरक कळत नाही. ३६ पदर ०.२६ चे म्हणजे १.९ चौरस मिमी. नावाला अडीच, अंगाने दोनसुद्धा नाही.

फार वाईट वाटलं. राग आलाच, पण वाईट जास्त वाटलं, कारण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तसलीच दोन बंडलं घेतली होती आणि त्याच्याकडे मायक्रोमीटर नव्हता. त्याला बाहेर बोलावून दाखवलं. त्याने परत केली.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा चालतो. अडीचच्या ९० मीटरमध्ये तांबं २२५ घन सेंटिमीटर, म्हणजे दोन किलो, नुसतं तांबं. आवरणासकट बंडल त्याहून जडच भरायला हवं. कुठल्याही किराणा दुकानात हे तपासता येतं.

दुसऱ्या दुकानातून घेतली, पदर ०.३० भरले. दुकानदार एफआर वायर दाखवत म्हणाले, "ही जास्त लोड घेते." घेत नाही. एफआर म्हणजे आवरण आग पुढे पसरू देत नाही. तांबं तेवढंच, करंट तेवढाच. घेतली मात्र एफआरच, घराला तीच हवी.

१ ते ४ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि एक दिवस रजा जोडून चार दिवस सलग काम. पहाटे पाच ते दहा माळ्यावर, नंतर खाली. जुनी सगळी वायर काढली. मीटरपासून नव्या बोर्डापर्यंत आठ मीटरला १० ची तांब्याची. ६ ची हिशेबात बसत होती, पण ती भिंत पश्चिमेची आहे आणि दुपारभर तापते. मेन ३२ चा. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे आधीच केला होता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. काकांना आणि बाबांना दोघांनाही सांगितलं की तो माणसाला शॉकपासून वाचवतो, जास्त भार त्याला कळत नाही. त्याच्यासाठी एमसीबी निराळा हवाच.

जोड काकांनी केले. प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर ते वायर एकदा हिसडून बघतात. मी त्यांच्या मागे फिरून प्रत्येक स्क्रू पुन्हा पिळला, आणि त्यांना त्याचा राग आला नाही. बोअरच्या केबलसाठी अडीच फूट खोल चर. काळी माती उन्हाने दगड झालेली, दोन माणसांना दीड दिवस लागला. स्टार्टर पेटी बोअरजवळच्या खोपीत नेली.

अर्थिंग नळाच्या पाइपाला बांधलेलं होतं, आणि तो पाइप मधे प्लास्टिकचा झालेला. म्हणजे कित्येक वर्षं घराला अर्थिंग नव्हतंच. परसात नवीन खड्डा, कोळसा-मीठ भरून. प्रत्येक पॉवर लाइनला फेजच्याच मापाची हिरवी वायर.

शेवटच्या दिवशी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजायचं यंत्र. जुन्या सैपाकघराच्या लाइनचा तुकडा कुतूहल म्हणून मोजला: ०.३ मेगाओहम, निदान १ तरी हवा. नवीन प्रत्येक लाइन २०० च्या वर.

संध्याकाळी सात वाजता, व्होल्टेज १९७ असताना, आईने बोअरचं बटण दाबलं. मोटर एका दमात उचलली.

२४ मे, शनिवार

एसी बसून दहा दिवस झाले. मुद्दाम दुपारी अडीचला माळ्यावर चढलो. थर्मामीटर ५६. एसी सकाळी अकरापासून चालू. टॉंग टेस्टर ८.४ अँपिअर. वायर जिथे पाइपातून बाहेर येते तिथे थर्मामीटरचं टोक टेपने चिकटवून दहा मिनिटं थांबलो. घाम डोळ्यांत जात होता. ५८.

हिशेब सांगत होता : ३० गुणिले (८.४ भागिले २९) चा वर्ग, अडीच अंशांची वाढ. दोन आली.

खाली उतरलो तेव्हा बाबा झोपले होते. बोर्डाच्या झाकणाच्या आत कागद चिकटवायचा राहिला होता, तो त्यांनी आधीच लिहून ठेवलेला दिसला. लाइनीचा क्रमांक, कुठली वायर, कुठला एमसीबी, त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात. चौथ्या ओळीखाली लाल पेनने रेघ : "एसी, ४ ची वायर, १६ चा एमसीबी. माळ्यावरून गेली आहे. हिच्यावर दुसरं काही जोडू नये."

गोठ्याची लाइन बाकी आहे. पाऊस लागायच्या आत.